ठकीची गाळणी

रविवारी सकाळी टिपणिसांच्या स्वयंपाकघरात कुकर दोनदा लागे. एकदा वरण-भाताचा आणि एकदा वाळूचा.

वरण-भाताला चार शिट्ट्या, वाळूला तीन. ही वाळू साधीसुधी नव्हे. शेजारच्या प्लॉटवर बिल्डिंग उठत होती तिथून पिशवीतून आणलेली, नऊ पाण्यांत धुतलेली, तिच्यात विटेचा चुरा आणि बेकरीतला विझलेला कोळसा मिसळलेला, आणि मग हे सगळं चाळणीनं चाळलेलं. चाळणी जुनी होती, पिठाची नव्हती, हे वनमालानं वहिनीला देवाच्या फोटोवर हात ठेवून सांगितलं होतं. तरी दर रविवारी तो विषय निघेच.

"वनू, शिट्टी झाली गं तुझ्या वाळूची," जयंतीवहिनी बाहेरच्या खोलीतून ओरडे. "मीठ बघितलंस का?"

"कुकर माझ्या पगारातला आहे, वहिनी."

"कुकर तुझा, गॅस माझा. माहेरची माणसं विचारतात, नणंद कशी आहे? मी सांगते, सुगरण आहे. वाळू अशी मऊ शिजवते की बिनदाताच्या माणसालाही चालेल."

वनमाला हसायची, पण नजर घड्याळावरून हलवायची नाही. मुंबईच्या हवेत बुरशी माणसांच्या आधी उठते. न शिजवलेल्या वाळूत बी पेरलं की चौथ्या दिवशी अंकुर येतो आणि सातव्या दिवशी मान टाकतो. तिनं तशा माना पुष्कळ बघितल्या होत्या.

वनमाला टिपणीस चव्वेचाळीस वर्षांची होती आणि मुलुंड पूर्वेच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होती. दोनशे सत्तर परीक्षानळ्या, चौदा सूक्ष्मदर्शक आणि एक मानवी सांगाडा तिच्या ताब्यात होता. घरी तिच्या ताब्यात गॅलरी होती. थोरला भाऊ नंदकिशोर, त्याची बायको जयंती आणि वनमाला, अशी तिघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. वडील जाताना म्हणाले होते, "खोल्या नंदूच्या, गॅलरी वनीची." वडिलांनी हे गमतीत म्हटलं होतं की गंभीरपणे, ते विचारायला वेळ मिळाला नाही. म्हणून सगळ्यांनी ते गंभीरपणेच घेतलं.

गॅलरीत चौतीस कुंड्या होत्या. कुंड्या म्हणजे दांडी तुटलेले कप, दुधाच्या पावडरीचे डबे, एक फुटका तांब्या. त्यांत जी झाडं होती त्यांना बघणारा पहिल्यांदा झाड म्हणायलाच तयार होत नसे. ती सगळी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडची. तिकडे पाऊस लहरी, म्हणून ही झाडं मिळेल ते पाणी पोटात भरून गप्प बसतात. कुणाचं खोड बाटलीसारखं फुगलेलं, कुणाचं हत्तीच्या पायासारखं सुरकुतलेलं, आणि पानं असलीच तर लाज राखण्यापुरती. सगळी वनमालानं बियांपासून वाढवलेली. वाढलेलं झाड तिनं कधी विकत घेतलं नाही. "आयतं काय, कोणीही आणेल," ती म्हणायची.

त्या चौतिसांत ठकी एकच.

ठकीला काटे नव्हते, पानं नव्हती, फांद्या नव्हत्या. ती एक हिरवट-राखी चेंडू होती, आठ शिवणींचा. शिवणींवर टाके घातल्यासारखे ठिपके आणि अंगावर जांभळ्या रेघा, लुगड्याच्या चौकड्यांसारख्या. तिच्या जातीच्या झाडांना त्यांच्या देशात लोकांनी इतकं उपटून नेलं की रानात ती मोजकीच उरली. वनमालाला तिचं बी आलं ते पश्चिम जर्मनीतून. तिथल्या एका म्हाताऱ्या पत्रमित्रानं १९७९ साली पत्राच्या घडीत दहा बिया पाठवल्या होत्या. नंदकिशोर तेव्हा घाबरला होता.

"दक्षिण आफ्रिकेशी आपला बहिष्कार आहे, वने. पासपोर्टवरसुद्धा छापलेलं असतं. उद्या पोलीस आले म्हणजे?"

"ही तिथं जन्मलीच नाही, दादा. हिचा जन्म जर्मनीतला."

"आणि रंगरूप? ते तर तिकडचंच दिसतं."

"रंगावरूनच तर तिकडे भांडण आहे ना?"

दहांतल्या सहा उगवल्या, पाच पावसाळ्यांनी पाच नेल्या, उरली ती ठकी. सहाव्या वर्षी तिच्या डोक्यावर मोहरीएवढी फुलं आली. वनमालानं शाळेतून भिंग आणून बघितलं, फुलाच्या टोकाला तीन चिमुकल्या जिभा होत्या. म्हणजे ठकी बाई होती. या जातीत नर वेगळा, मादी वेगळी. तेव्हा ठकीला फुलं येत आणि सुकत, येत आणि सुकत. वहिनी म्हणाली, "आत्यावर गेली." म्हणाली आणि लगेच जीभ चावली. पण वनमालाच आधी हसली.

वनमालाला नऊ मुलांनी बघितलं होतं. खरं तर नऊ मुलांच्या आईवडिलांनी. एकानं सुईत दोरा ओवायला लावला, एकीनं दारापर्यंत चालून दाखव म्हटलं. नऊही वेळा आतून ट्रे आणायचा तो तिनंच. सहा कप, साखर वेगळी, दांड्या पाहुण्यांच्या उजव्या हाताला. नवव्यानं विचारलं, "आवड कशाची?" ती म्हणाली, "वाळवंटाची." त्यानंतर दहावा आला नाही. तिला त्याचं फार वाईट वाटलं असंही नाही. वाईट वाटायचं ते एवढंच, की नऊ चहा झाले आणि एकातही तिनं स्वतः बसून घोट घेतला नाही.

१९८७च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी नंदकिशोर गॅलरीच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला. बराच वेळ कुंड्या मोजल्यासारखं करून तो म्हणाला, "वने, जयंतीची आई पडली. कमरेचं हाड. दवाखान्यातून सुटली की इकडेच येईल. दुसरं कोण आहे तिला?"

"येऊ दे की."

"खाट कुठं टाकायची?"

बिल्डिंगमधल्या बाकी सगळ्यांनी गॅलऱ्या केव्हाच बंद करून घेतल्या होत्या. कुठं देवघर झालं होतं, कुठं मोरी. उघडी अशी त्यांचीच उरली होती.

"मृगाच्या आधी काचा लागतील," नंदकिशोर म्हणाला. "सहदेव सुतार करतोय काम. मे अखेर. तू नाही म्हणालीस तर—"

"मी नाही म्हणत नाही."

रात्री वहिनी तिच्याजवळ येऊन बसली. नुसती बसली. तिनं वाळूचा विषय काढला नाही, त्यावरून तिचं मन ओळखावं.

दुसऱ्या दिवशी वनमालानं हिशेब घातला. शाळेच्या खिडकीत चारपाच कुंड्या राहिल्या असत्या, पण खिडकी उत्तरेची. बाकी वाटून टाकायच्या. आणि ठकी? ठकीला ऊन लागतं, ती कुठंही गेली तरी दुसऱ्याची होणार. पण बी असलं तर? बी ठेवायला गॅलरी लागत नाही. बी काड्यापेटीत मावतं. निवृत्तीनंतर कुठं एक खोली, एक खिडकी मिळाली तर पेटी उघडायची आणि पुन्हा वाळू शिजवायला घ्यायची. ठकीच्या डोक्यावर फुलं दिसायला लागली होती. मे अखेरपर्यंत बी धरायला हवं होतं. म्हणजे नर हवा होता, आणि तो महिन्याच्या आत.

निवडुंगवाल्यांचं एक चक्रमुद्रित पत्रक निघे. त्यात तिनं दोन ओळी दिल्या. आठवड्यानं बोरिवलीहून पोस्टकार्ड आलं. अक्षर नकाशावर गावांची नावं घालतात तसं. ‘नर आहे. निरोगी. अटी प्रत्यक्ष भेटीत. सीताराम वर्दे.’

वहिनीनं कार्ड दोनदा वाचलं. "अटी? म्हणजे मुलाकडचे आहेत! वनू, मी येते तुझ्याबरोबर. तू एकटी गेलीस तर हुंडा देऊन येशील."

मुलुंड आणि बोरिवली एकाच डोंगराच्या दोन बाजूंना. कावळ्याला वीस मिनिटं, माणसाला बस बदलून दोन तास. दोघी पोचल्या तेव्हा वर्देसाहेब दारात उभे होते. नकाशांच्या खात्यातून निवृत्त झालेले, काटकुळे, शर्टाच्या खिशात जाडी मोजायचं यंत्र. त्यांच्या गॅलरीत सगळ्या कुंड्या एका मापाच्या आणि प्रत्येकीला पांढऱ्या रंगानं नंबर. नर म्हणजे नंबर चौदा. ठकीपेक्षा थोडा उंच, डोक्यावर पिवळ्या परागांची फुलं. वनमाला त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत ठकीच्या जातीचं दुसरं वाढलेलं कोणी तिनं बघितलं नव्हतं.

"बसा, टिपणीसबाई. मुलीचं वय?"

"आठ वर्षं."

"घेर?"

"मोजला नाही."

"मोजला नाही!" वर्द्यांनी बायकोकडे बघितलं. राधाबाई सुपारी कातरत होत्या, त्यांनी बघितलं नाही. "आजारपण? कीड वगैरे?"

"पाचव्या वर्षी एकदा पिठ्या ढेकूण झाला होता. कापसानं पुसला."

"हं. फोटो आणलाय?"

इतका वेळ वहिनी तोंड मिटून होती. आता सुटली. "फोटो कशाला? तिला चालूनच दाखवायला सांगा ना. सुईत दोराही ओवेल."

राधाबाईंचा अडकित्ता थांबला. त्या खाली मान घालून हसत होत्या.

वर्द्यांच्या अटी दोन होत्या. पहिली, निम्मं बी त्यांचं. दुसरी, नंबर चौदा प्रवास करणार नाही, मुलीला बोरिवलीला आणावं आणि बी पिकेपर्यंत तिथंच ठेवावं. पहिली वनमालानं लगेच मान्य केली. दुसरी ऐकल्यावर तिनं पर्स उचलली.

"ठकी कुठंही जाणार नाही."

"अहो, पण मुलगीच जाते! रीतच आहे."

"आमच्यात वरात मुलीच्या दारी येते," वहिनी म्हणाली. "तुमच्यात नवरी घोड्यावर बसते का?"

"बसचे धक्के, ऊन, धूळ. नंबर चौदाला काही झालं तर?"

"आणि ठकीला झालं तर?" वनमालानं विचारलं. आवाज चढला नव्हता, पण वर्द्यांनी हातात काढलेलं जाडी मोजायचं यंत्र पुन्हा खिशात ठेवलं.

"अहो, जाऊन या ना एक दिवस," राधाबाई म्हणाल्या. "नाहीतरी तुम्ही कुठं जाता? मीही येते. मला मुलुंड बघायचंय."

"मुलुंडमध्ये बघण्यासारखं काय आहे?"

"तुमच्याशिवाय दुसरी माणसं असतील की!"

मार्चच्या पहिल्या रविवारी नंबर चौदा मुलुंडला आला. स्टीलच्या डब्यात, सभोवार कापूस, डबा वर्द्यांच्या मांडीवर, वर्द्यांचे हात डब्यावर. लग्न ब्रशनं लागलं. शाळेतला शून्य नंबरचा ब्रश वनमालानं धरला. वर्दे भिंगातून बघत "डावीकडे, अजून डावीकडे, आता टेकवा," असं सांगत राहिले. नंदकिशोरनं दोन कुंड्यांच्या मध्ये हातरुमाल धरला होता, तो वहिनीनं ‘सावधान’ म्हणून ओढला. खालच्या मजल्यावरच्या कुंदाताई अक्षता घेऊन आल्या होत्या. वर्द्यांनी त्यांना दारातच अडवलं. तांदळाचा एक दाणा फुलाला लागला असता तर सगळं फुकट, म्हणून अक्षता नंदकिशोरच्या डोक्यावर पडल्या.

तीन आठवड्यांनी ठकीच्या डोक्यावर पाच गाठी दिसायला लागल्या. मग त्यांची तीन कप्प्यांची बोंडं झाली, हिरवी, मिरीपेक्षा थोडी मोठी. एका बोंडात तीन बिया. वनमाला सकाळी शाळेत जाण्याआधी बघे, आल्यावर चप्पल न काढता बघे.

आता या बोंडांची एक खोड असते. ती पिकून खाली पडत नाहीत, फुटतात. वाळली की टप्पकन उडतात आणि बी चारपाच हात लांब फेकतात. त्यावर काहीतरी झाकायला हवं, आणि वाराही लागायला हवा. वनमालानं मलमल लावून बघितली, ती बोंडांना चिकटली. मग एके दिवशी वहिनी चहा करायला गेली आणि तिथूनच ओरडली.

"माझी गाळणी कुठाय?"

गाळणी ठकीच्या डोक्यावर होती. पालथी, अगदी मापाची, दांडी दोऱ्यानं कुंडीला बांधलेली.

"काढ ती!"

"मे अखेरपर्यंत राहू दे ना, वहिनी."

"आणि चहा काय पदरानं गाळू?"

"जुनी आहे ना."

"जुनीला भोक आहे. त्यातून चहा पडतो आणि पावडर त्याच्या आधी पडते." वहिनी गॅलरीत येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ठकी टोपी घालून बसल्यासारखी दिसत होती. वहिनीला हसू आवरेना. "राहू दे. गरोदर बाईला काय बोलायचं!"

त्यानंतर घरात सगळे दातांनी चहा गाळायला शिकले.

डोहाळजेवणाची कल्पना कुंदाताईंची. आधी वनमालाला ते बरं वाटलं नाही. मग तिला वाटलं, तीन आठवड्यांनी सहदेव काचा घेऊन येणार, गॅलरीत पुन्हा माणसं कधी जमतील? होऊ दे. जर्मन म्हाताऱ्यानं लिहिलं होतं, बी पिकायला दहा आठवडे. मेचा पहिला रविवार म्हणजे नववा आठवडा. काही धोका नव्हता. मुलुंडचा मे महिना म्हाताऱ्यानं कधी बघितला नव्हता, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

वर्दे पतिपत्नींना रीतसर आमंत्रण गेलं. ते आले, सासरकडचे म्हणून हिरवा खणही घेऊन आले. वर्दे म्हणाले तो राधाबाईंचा हट्ट. कुंडी बाहेरच्या खोलीत पाटावर ठेवली, खण कुंडीभोवती गुंडाळला, पुढं ताटात ओटीचे तांदूळ आणि नारळ. बिल्डिंगमधल्या अकरा बायका जमल्या. दोन वाट्या पालथ्या घातल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. ठकीच्या वतीनं राधाबाईंनी वाटी उचलली. बर्फी निघाली.

"मुलगी!" सगळ्या ओरडल्या.

"याला काही शास्त्रीय आधार नाही," वर्दे म्हणाले. "सहा वर्षं कळणार नाही."

"मग तोपर्यंत बर्फी खा," वहिनी म्हणाली.

वर्दे खुर्चीत बसले होते, मुलाकडचे बसतात तसे, पाठ ताठ. त्यांनी एकदा इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "चहा होईल का जरा?"

वनमाला उठली.

नंतर तिनं पुष्कळदा आठवून बघितलं, पण मधलं तिला काही सापडलं नाही. एवढंच आठवत होतं की बाहेर मुलाकडचे बसले आहेत, त्यांनी चहा मागितला, आणि तिचे पाय आपोआप आत गेले. आधण ठेवलं. चहा उकळला. ट्रे पुसला, सहा कप मांडले, साखर वेगळी, दांड्या उजव्या हाताला. भोकाची गाळणी हातात घेतली आणि खाली ठेवली. मुलाकडच्यांना भोकाच्या गाळणीचा चहा द्यायचा नसतो. मग ती बाहेर आली, पाटापुढं वाकली, दोरा सोडला, ठकीच्या डोक्यावरची गाळणी काढली, आत जाऊन धुतली आणि चहा गाळला. खोलीत इतकी माणसं होती. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. चहा गाळणीनंच गाळतात.

ती ट्रे घेऊन वर्द्यांपुढं वाकली.

टप्प.

आवाज बोट मोडल्यासारखा झाला. वर्द्यांच्या बशीत काहीतरी खणकलं. कुंदाताई गाल चोळत म्हणाल्या, "डास चावला का?"

टप्प.

वनमालानं ठकीकडे बघितलं. तिच्या डोक्यावर काही नव्हतं. मग स्वतःच्या हातातल्या ट्रेकडे बघितलं. सहा कप, दांड्या उजव्या हाताला.

"हलू नका!" वर्दे किंचाळले. "कोणीही हलू नका! पाय उचलू नका, पदर झटकू नका!"

अकरा बायका होत्या तशा राहिल्या. एकीचा हात बर्फीकडे निघाला होता, तो तिथंच थांबला. वहिनी धावत आत गेली, गाळणी घेऊन आली आणि तशीच, चहाच्या चोथ्यासकट, ठकीच्या डोक्यावर दाबली. तिसऱ्या बोंडाचा आवाज गाळणीच्या आत झाला.

दोन बोंडं उडाली होती, म्हणजे सहा बिया. वर्दे खुर्चीवरून उतरून चार पायांवर आले. मुलाकडच्या माणसाला त्या अवस्थेत टिपणिसांच्या घरानं पहिल्यांदाच बघितलं. एक बी बशीत होतं. एक ओटीच्या तांदळांत सापडलं, राधाबाईंनी एकेक दाणा बाजूला करत काढलं, आणि म्हणाल्या, "बघा, ओटी भरली." एक त्यांच्याच गजऱ्यात होतं. एक कुंदाताईंच्या निऱ्यांत. त्या म्हणाल्या, जन्मात कुणी भिंग घेऊन माझ्या निऱ्या बघितल्या नव्हत्या. पाचवं सोफ्याखाली.

वनमाला मात्र ट्रे घेऊन उभीच होती. तिच्या हातातून ट्रे घेतला तो वहिनीनं.

"माझ्याच हातानं," ती म्हणाली. "वहिनी, माझ्याच हातानं गं."

"वेडी का तू? पाच सापडल्या. आत अजून नऊ आहेत."

"मला कळलंसुद्धा नाही. कुणी चहा मागितला आणि मी..."

वहिनी नऊपैकी सहा चहांना हजर होती. तिला पुढचं सांगायला लागलं नाही. तिनं ट्रे टेबलावर आपटला आणि सोफ्याखाली गेलेल्या वर्द्यांना म्हणाली, "अहो जावयाचे वडील! यापुढं या घरात चहा हवा असेल तर आत येऊन करून घ्यायचा!"

वर्दे सोफ्याखालून बाहेर आले नाहीत. तिथूनच त्यांचा आवाज आला. "टिपणीसबाई, माझ्या अटी जरा जास्तच होत्या."

"त्यात काय..."

"नाही, ऐका. माझीही गॅलरी बंद होतेय. पावसाळ्यानंतर. मुलाचं लग्न ठरलंय, त्यांना खोली हवी. मलाही फक्त बीच हवं होतं. डबीत ठेवायला." भिंग फरशीवर सरकलं. "सहावं काही दिसत नाही इथं."

राधाबाई तांदूळ पुन्हा ताटात भरत होत्या. वनमाला गुडघ्यांवर बसली, डोकं जमिनीला लावलं आणि सोफ्याखाली बघितलं. तिकडून भिंगामागचा एक मोठा डोळा तिच्याकडे बघत होता.

"मी काड्यापेटी ठेवलीय," ती म्हणाली.

"मी फिल्मची डबी," वर्दे म्हणाले. "कोरडी राहते."

सहावं बी सापडलं नाही ते नाहीच. चौदांत वाटणी सात-सात झाली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सहदेवनं काचा लावल्या. चोवीस कुंड्या वनमालानं वाटून टाकल्या. देताना प्रत्येकाला कागदावर लिहून दिलं, पाणी कधी घालायचं नाही ते. कधी घालायचं हे लिहायला एकच ओळ लागली. दहा कुंड्या उरल्या. त्यांचं काय करायचं हे ठरायच्या आतच जयंतीची आई, सुहासिनीबाई आल्या. खाट टाकली, त्या निजल्या, काचेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इथून मला काय दिसणार? समोरच्यांची मोरी?"

"पडदा लावते गं आई," वहिनी म्हणाली.

"पडदा नको. ते गोल गोल काय आहे वनूचं, ते ठेव इथं काठावर. सगळी ठेव. मला सोबत."

दहाच्या दहा कुंड्या काचेच्या आतल्या काठावर, म्हातारीच्या उशाशी बसल्या. जुलैत बाहेर धो धो चाललेलं असताना वनमालानं एक दिवस ठकीच्या वाळूत बोट घातलं. वाळू खडखडीत कोरडी होती. पाच पावसाळ्यांनी पाच झाडं नेली होती, ती वाऱ्याबरोबर आत येणाऱ्या झडीनं. आता झड काचेवर आपटून खाली जात होती आणि ऊन निघालं की आत येत होतं. जर्मन म्हातारा प्रत्येक पत्रात आपल्या काचघराबद्दल लिही. ती वाचून वनमाला म्हणायची, श्रीमंत लोकांचं ठीक आहे. आता तिच्या घरात काचघर होतं आणि त्यात एक खाट होती.

तिनं काड्यापेटी उघडली. रविवारी वाळूचा कुकर लागला. सातांतल्या पाच बिया उगवल्या, हिरव्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या. सुहासिनीबाई दिवसभर भिंग लावून त्यांच्यावर नजर ठेवत आणि वनमाला शाळेतून आली की अहवाल देत. "तिसरा जरा आळशी आहे. बाकी ठीक."

नोव्हेंबरात दारावरची घंटा वाजली. वर्दे उभे होते, मांडीवरून आता छातीशी आलेला स्टीलचा डबा घेऊन. पाठ मागच्यासारखी ताठ नव्हती.

"काचा लागल्या?" वनमालानं विचारलं.

"काचा नाही. भिंत. विटांची. मुलाला-सुनेला परदेशी पद्धतीचं कपाट हवंय." त्यांनी डबा पुढं केला. "टिपणीसबाई, याला इथं... म्हणजे अट काही नाही."

आतून खाटेवरून आवाज आला. "कोण गं? जावई आला? घरजावई?"

"हो मावशी."

"मग बाहेर काय उभा ठेवलास? ठकीच्या शेजारी जागा कर. आणि वहिनीला सांग, चहा टाक म्हणावं."

"चहा मी टाकते," वनमाला म्हणाली. नंबर चौदाला तिनं ठकीच्या शेजारी बसवलं. ठकीच्या डोक्यावर गाळणी होती, बोंडं नसतानाही. मावशींना ती तशीच आवडायची, म्हणत की बाई टोपीशिवाय ओकीबोकी दिसते.

वनमालानं दोन कप आणले, ट्रेशिवाय. एक वर्द्यांच्या हातात दिला, दुसरा घेऊन समोरच्या खुर्चीत बसली आणि पहिला घोट तिनं घेतला. वर्द्यांनी घेतला तसा त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी जिभेच्या टोकावरून चोथ्याचा एक कण बोटानं काढला, मग दुसरा.

"गाळणी नाही का घरात?"

"आहे ना," वनमाला म्हणाली आणि खिडकीकडे बोट दाखवलं. "पण ती ठकीची."